नऊ एक्केचाळीसच्या अलीकडे

मनुष्यदेह हे या सृष्टीतलं सर्वांत मोठं गूढ आहे. तो एकदा उघडला की पुन्हा मिटायला किती वेळ लागेल, हे साक्षात ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. वेन्डेल निएमीला सांगता येत असे. चूक सरासरी एकोणीस मिनिटांची.

वेन्डेल डॉक्टर नव्हता. रक्त पाहिलं की त्याला खाली बसावं लागे. तो इंजिनियर होता आणि नोकरीची पहिली बावीस वर्षं त्यानं लेक सुपिरियरच्या काठावर, लोहखनिजाच्या धक्क्यावर काढली होती. तिथं त्याला एकच प्रश्न सोडवायचा असे: हजार फुटी जहाजात माल भरायला किती वेळ लागेल? वारा, थंडी, गोठून ढेकळं झालेला माल, कॅप्टनचा स्वभाव, मुकादमाची रजा, हे सगळं तो एका मॉडेलात घाली आणि आकडा काढी. पुढं धक्क्यावरची माणसं कमी करायची ठरली, तेव्हा पहिल्यांदा वेळ मोजणारा गेला. धक्क्याच्या वरच टेकडीवर हॉस्पिटल होतं. मुलाखतीत तिथल्या संचालकांनी विचारलं, "पण मिस्टर निएमी, जहाज आणि माणूस यांत काही फरक असेलच ना?"

"आहे," वेन्डेल म्हणाला. "जहाजं वेळेवर येतात."

त्याला नोकरी मिळाली.

हॉस्पिटलची अडचण साधी होती. नऊ थिएटरं, आणि कुठलं कधी मोकळं होणार हे कुणालाच माहीत नाही. सर्जनला विचारावं तर तो म्हणे, "तासभर." अपेंडिक्सला तासभर, खुब्याला तासभर, आणि एकदा तर हृदयाच्या झडपेलाही तासभर. कोळी आपल्या माशाच्या लांबीबद्दल जसं बोलतो तसे सर्जन आपल्या वेळेबद्दल बोलतात, फक्त उलट्या दिशेनं. वेन्डेलनं सात वर्षांच्या एकसष्ट हजार ऑपरेशनांच्या नोंदी काढल्या. पेशंटचं वय, वजन, पोट आधी कितीदा उघडलंय, सर्जन कोण, भूल देणारा कोण, वार कुठला, हे सगळं त्यानं मॉडेलला खाऊ घातलं. त्यातून अशा काही गोष्टी कळल्या की ज्या न कळत्या तर बरं झालं असतं. हरणांच्या शिकारीचा हंगाम ज्या शनिवारी उघडतो, त्याच्या आदल्या दुपारची ऑपरेशनं सरासरी अकरा मिनिटं लवकर संपतात, ही त्यांतलीच एक. हा शोध संचालकांनी खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावलं.

रोज सकाळी सहा वाजता वेन्डेलचा तक्ता छापून थिएटरबाहेरच्या टेबलावर जाई. तिथं बर्नी कोव्हाच बसे. बर्नी तिथली मुख्य सिस्टर, तीस वर्षं त्याच टेबलाशी. ती तक्ता वाची, नाक मुरडी आणि केसांत खोचलेली पेन्सिल काढून वेन्डेलच्या प्रत्येक आकड्याशेजारी आपला आकडा लिही. कशावरून लिहितेस, असं विचारलं तर म्हणे, "सर्जनच्या तोंडावरून. बायकोशी भांडून आला असेल तर वीस मिनिटं जास्त." महिनाअखेर वेन्डेल दोघांच्या चुका मोजी. त्याची एकोणीस मिनिटं, बर्नीची तेवीस.

"चार मिनिटांसाठी तुला स्वतंत्र ऑफिस दिलंय रे," बर्नी म्हणे. "खिडकीसकट."

ती एकोणीस मिनिटं मात्र पहिल्यापासून एकोणीस नव्हती, हे इथं सांगायला हवं.

सुरुवातीला स्वादुपिंडाच्या ऑपरेशनांनी वेन्डेलला रडवलं होतं. कॅन्सरची गाठ काढायचं ते मोठं ऑपरेशन, सहा-सात तास चालायचं. पण मधूनच एखादी नोंद दीड तासाची निघे, एखादी दोन तासांची, आणि त्या नोंदी सगळी सरासरी खाली ओढत. एकशे अठ्ठेचाळीस नोंदींत अशा एकतीस सापडल्या. धक्क्यावर त्यानं असं पाहिलं होतं: वादळाचा इशारा आला की जहाज अर्धवट भरूनच बंदराबाहेर पडे, आणि ती नोंद हिशेबात धरायची नाही, असा तिथला रिवाज होता. अर्धवट भरलेलं जहाज भरण्याविषयी काही सांगत नाही. तेव्हा वेन्डेलनं मॉडेलमध्ये एक नियम घातला. अंदाजाच्या एक तृतीयांशाहून कमी वेळ लागला, तर ओळ वगळायची. कारणाच्या रकान्यात 'अपुरी नोंद'. एकतीस ओळी गेल्या. चूक एकदम खाली आली, संचालकांनी केक मागवला, केकवर साखरेनं १९ काढलं होतं. वेन्डेलनं दोन तुकडे घरी नेले. त्याच्या बायकोनं, आर्डिसनं, त्यातला नऊ खाल्ला.

केक कापून झाल्यावर बर्नीनं त्याला बाजूला घेतलं होतं.

"त्या ओळी काढल्यास तू. का?"

"त्या पूर्ण झालेल्या नाहीत, बर्नी. मध्येच थांबल्यात."

"थांबल्या नाहीत रे बाबा. झाल्यात." तिनं केकची बशी खाली ठेवली. "पोट उघडतात. आत पसरलेलं दिसतं. मग काही न काढता शिवून टाकतात. अपुरी कसली? त्याहून पुरी गोष्ट मी इथं दुसरी पाहिली नाही."

"पण त्यानं अंदाज बिघडतो," वेन्डेल म्हणाला.

"बिघडणारच की," बर्नी म्हणाली.

विषय तिथं संपला. नियम राहिला.

आर्डिस सव्वीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवत होती. वेळेच्या बाबतीत नवरा-बायकोचं कधीच जमलं नाही. वेन्डेलनं लग्नानंतर तिला एक उत्तम वेळापत्रक करून दिलं होतं, आणि ती ते रोज मोडत असे. एखादं पोरगं एकच बूट घालून, दुसरा हातात धरून बर्फातून धावत येताना दिसलं की ती दार उघडं ठेवून बसे.

"चाळीस सेकंद," वेन्डेल म्हणे. "एका थांब्याला. असे एकोणीस थांबे."

"आणि त्या चाळीस सेकंदांत एक पोरगं चढतं. ते धरलंस का?"

ते धरायला वेन्डेलकडे रकाना नव्हता.

फेब्रुवारीत एका रविवारी चर्चमध्ये आर्डिसची बहीण तिच्याकडे बघून म्हणाली, "अगं, तू पिवळी दिसतेस." आर्डिस म्हणाली, "सव्वीस वर्षं बस चालवल्यावर रंग लागणारच." तीन आठवड्यांनी डॉक्टर ओयेननी स्कॅन दाखवलं. गाठ स्वादुपिंडाच्या तोंडाशी होती. बाकी सगळं स्वच्छ दिसत होतं. काढता येईल असं वाटतं, त्या म्हणाल्या. ओयेन बाईंचा हात चांगला होता. वेन्डेलच्या मॉडेलप्रमाणे त्या बाकीच्यांपेक्षा बावीस मिनिटं सावकाश काम करत, आणि वेन्डेलला पहिल्यांदाच त्या बावीस मिनिटांबद्दल आपुलकी वाटली.

तरीही त्यानं विचारलं, "खाली मिनिआपोलिसला जाऊया का? तिथं रोज करतात अशी ऑपरेशनं."

"तिथं तुझं मॉडेल नाही," आर्डिस म्हणाली. चर्चमधल्या बायकांनी आणून दिलेला पाचवा टेटर टॉट हॉटडिश, म्हणजे बटाट्याच्या गोळ्यांचा भाजलेला पदार्थ, ती फ्रिजमध्ये कोंबत होती. "लोक आजारी माणसाला बटाटे का देतात कळत नाही. हे बघ, मला आत काय करणारेत ते सांगू नकोस. ऐकलं तर मी पळून जाईन. मला फक्त आकडा सांग. किती वेळ?"

वेन्डेलनं दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून बायकोला मॉडेलमध्ये घातली. वय एकसष्ट. वजन बासष्ट किलो. पोट आधी एकदा उघडलेलं, त्यांची मुलगी झाली तेव्हा. सर्जन ओयेन. दिवसाचं पहिलं ऑपरेशन. वार मंगळवार. मॉडेलनं तीन सेकंद विचार केला.

संध्याकाळी तो म्हणाला, "सहा तास वीस मिनिटं. सात पस्तीसला सुरू, एक पंचावन्नला शेवटचा टाका. मग शुद्धीवर यायला तासभर. तू डोळे उघडशील तेव्हा तीन वाजलेले असतील."

"शाळा सुटायची वेळ," आर्डिस म्हणाली. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर तिनं लिहिलं: ३ वाजता, जागी. आणि त्याखाली रेघ मारली, जणू दाताच्या डॉक्टरकडे जायचंय.

वेन्डेलनं तिला एकच आकडा सांगितला होता. दुसरा त्यानं काढला आणि कुणाला सांगितला नाही. सहा तास वीस मिनिटांचा एक तृतीयांश म्हणजे दोन तास सहा मिनिटं आणि वर थोडं. सात पस्तीसमध्ये मिळवले की नऊ एक्केचाळीस. नऊ एक्केचाळीसच्या पलीकडे दिवा तसाच राहिला, तर आर्डिस मॉडेलमध्ये होती. अलीकडे बदलला, तर ती बत्तिसावी. एकशे अठ्ठेचाळिसांत एकतीस म्हणजे पाचांत एक, हेही त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

मंगळवारी पावणेसातला त्यांनी आर्डिसला आत नेलं. चाकांच्या पलंगावरून ती म्हणाली, "तीनला ये. उशीर केलास तर मी दार लावून निघून जाईन."

"तू कधी लावलंस दार?"

"तुझ्यासाठी लावीन."

जाता जाता वेन्डेल बर्नीच्या टेबलाशी थांबला. तक्ता समोरच होता. नऊही थिएटरांच्या ओळींत त्याचा छापील आकडा आणि शेजारी बर्नीची पेन्सिल. सहा नंबरच्या पहिल्या ओळीत ६:२० च्या शेजारी काहीच नव्हतं.

"आर्डिसचं लिहिलं नाहीस?"

"पेन्सिलीचं टोक मोडलंय," बर्नी म्हणाली. पेन्सिल तिच्या केसांत होती आणि तिला चांगलं टोक होतं.

वेटिंग रूमच्या काचेतून खाली बंदर दिसे. एप्रिलचा दुसरा आठवडा. बर्फ फुटून त्याचे तुकडे काठाशी घासत होते आणि हंगामाचं तिसरं जहाज धक्क्याला लागलं होतं. वेन्डेलनं सवयीनं त्याची पाण्याबाहेरची उंची पाहिली आणि माल भरायला नऊ तास लागतील असं मनाशी ठरवलं. मग तो भिंतीवरच्या फलकाकडे वळून बसला.

फलक त्याचाच होता. पेशंटचा नंबर, त्यापुढं दिवा, त्यापुढं अपेक्षित वेळ. काम चालू असेल तर निळा दिवा, टाके घालायला घेतले की पिवळा, संपलं की पांढरा. अपेक्षित वेळेच्या फार आधी पिवळा झाला, तर शेजारी काय दाखवायचं यावर कुटुंबीय समाधान समितीच्या तीन बैठका झाल्या होत्या. शेवटी असं ठरलं की हिरव्या अक्षरांत 'लवकर' असं दाखवावं, लोकांना बरं वाटतं. वेन्डेलनं तेव्हा त्या बाजूनं हात वर केला होता.

शेजारच्या खुर्चीत मिसेस रुझिच विणत बसली होती. नवऱ्याचा खुबा बदलत होते. सव्वानऊला तिच्या सुया थांबल्या.

"अहो, हे बघा ना. आठ पन्नासला संपणार लिहिलंय. पंचवीस मिनिटं वर झाली. काही बिघडलं असेल का हो?"

"नाही," वेन्डेल म्हणाला. "खुब्याला असंच होतं. हाडं टणक असली की वेळ लागतो."

"टणक तर आहेच मेला. डोक्यापासून." तिनं डोळे पुसले. "पण तुम्हाला कसं माहीत?"

"वेळ लागतोय म्हणजे काम चाललंय," वेन्डेल म्हणाला. "वेळ लागणं चांगलं असतं."

हे वाक्य त्यानं स्वतःला ऐकू यावं म्हणून जरा मोठ्यानं म्हटलं. मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं. नऊ सतरा. चोवीस मिनिटं उरली होती. बाकी सगळी खोली आपापलं माणूस लवकर बाहेर यावं म्हणून बसली होती. तो एकटाच उशीर व्हावा म्हणून बसला होता. चोवीस मिनिटं म्हणजे फार नाहीत. आर्डिसनं ती एकाच थांब्यावर घालवली असती. दार उघडं ठेव, तो मनात म्हणाला. अजून थोडं उघडं ठेव.

नऊ वीसला सहा नंबरचा दिवा पिवळा झाला. शेजारी हिरव्या अक्षरांत आलं: लवकर.

"अगंबाई!" मिसेस रुझिचनं त्याचा दंड धरला. "तुमचाच नंबर ना तो? दुपारी एक पंचावन्न लिहिलं होतं मघाशी! झालंसुद्धा! बघा, आमचा म्हातारा साध्या खुब्यासाठी आत अडकलाय आणि तुमच्या बायकोचं एवढं मोठं ऑपरेशन दोन तासांच्या आत. नशीबवान आहात हो तुम्ही."

"हो," वेन्डेल म्हणाला.

"घ्या, वडी घ्या. लिंबाची आहे. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही तुम्ही. आता घ्यायला काय हरकत आहे?"

तिनं डबा पुढं केला. समोरच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी त्याच्याकडे बघून माना डोलावल्या. एका म्हाताऱ्यानं अंगठा वर केला. वेन्डेलनं वडी घेतली आणि खाल्ली. लहानपणापासून त्याला शिकवलं होतं की कुणी पुढं केलेलं खाणं नाकारायचं नाही. त्यानं घड्याळ पाहिलं नाही. पाहायचं काही उरलं नव्हतं.

साडेनऊनंतर बर्नी स्वतः आली. एरवी निरोप घेऊन वॉर्डची पोरगी येई. बर्नीला त्या खोलीत यायला तीस वर्षांत वेळ झाला नव्हता. ती त्याच्यासमोर उभी राहिली, आणि तिनं त्याच्या शर्टावर सांडलेली वडीवरची पिठीसाखर झटकायला सुरुवात केली.

"चल," ती शेवटी म्हणाली. "ओयेन बाई बोलवतायत."

"कॉरिडॉरमध्ये की लहान खोलीत?"

या हॉस्पिटलात चांगली बातमी कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या देतात. लहान खोलीत दोन खुर्च्या, टिश्यूचा खोका आणि भिंतीवर एका तळ्याचं चित्र आहे. बाहेर खरं तळं असताना कुणी ते लावलं, कुणास ठाऊक.

साखर केव्हाच गेली होती, बर्नी झटकतच राहिली.

डॉक्टर ओयेननी टोपी काढून हातात धरली होती. "वेन्डेल, यकृतावर ठिपके आहेत. खूप. स्कॅनमध्ये दिसण्याएवढे मोठे नव्हते. मी गाठ काढली असती तर फक्त तिला त्रास झाला असता. म्हणून बंद केलं."

"किती वाजता ठरवलंत?"

"काय?"

"बंद करायचं. किती वाजता ठरलं?"

ओयेन बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्या त्याला ओळखत होत्या. "दिसलं तेव्हा नऊ झाले होते. ठरलं वीसला."

"मधली वीस मिनिटं?"

"बघत होते," त्या म्हणाल्या. "एकदा पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मग भूलवाल्याला म्हटलं, थोडं थांब, आणि आणखी एकदा पाहिलं."

वेन्डेलनं मान हलवली. हॉस्पिटलातल्या चार वर्षांत त्यानं एकसष्ट हजार ऑपरेशनं मिनिटामिनिटानं मोजली होती, आणि अशी वीस मिनिटं कुठं धरायची असतात हे त्याला ठाऊक नव्हतं.

सहा नंबरचं थिएटर साडेचार तास आधी मोकळं झालं. बर्नी टेबलाशी परतली आणि तिनं फोन लावायला घेतले. दुपारी येणार असलेले दोन पित्ताशयवाले आणि एक हर्नियावाला पुढं ओढले गेले. हर्नियावाल्याचा मुलगा फोनवर म्हणाला, एवढी चांगली व्यवस्था त्यानं कुठल्याच हॉस्पिटलात पाहिली नाही.

शुद्धीवर येणाऱ्यांच्या खोलीला खिडकी नाही. आर्डिसचे ओठ सुकले होते. वेन्डेल खुर्ची ओढून बसला आणि तिचा हात धरला. हातावर बस चालवणाऱ्यांना पडतो तसा जुना घट्टा होता. तिचे डोळे उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

"किती वाजले?"

वेन्डेलनं उभ्या आयुष्यात कुणालाही चुकीची वेळ सांगितली नव्हती. "तीन," तो म्हणाला.

"हं." ती हसल्यासारखी झाली. "सुटली शाळा."

तेवढ्यात तिथली सिस्टर आली, मनगटावरची पट्टी बघून घेतली, आणि नियमाप्रमाणे मोठ्यानं बोलत बोलत लिहायला लागली. "आर्डिस निएमी, दहा वाजून वीस मिनिटं. आर्डिस, दुखतंय का? दहापैकी किती म्हणाल?"

आर्डिसनं वेन्डेलकडे पाहिलं. सिस्टरनं पुन्हा विचारलं.

"चार," आर्डिस म्हणाली.

सिस्टरनं चार लिहिलं आणि पुढच्या पलंगाकडे गेली. आर्डिस छताकडे बघत होती. मग ती म्हणाली, "वेन्डेल."

"काय गं?"

"चूक किती आली?"

त्यानं तिच्या हातावरचा घट्टा चोळला.

"सांग की. मला आकडा पाहिजे."

"चार तास चोवीस मिनिटं."

"बाप रे." तिनं डोळे मिटले. कडेनं पाणी कानाकडे गेलं, तिनं पुसलं नाही. "एवढी कधी आली होती?"

"एकतीस वेळा."

"मग सरासरी कशी एकोणीस राहिली तुझी? केक खाल्ला की आपण."

"त्या धरत नाही."

"कोण धरत नाही?"

"मी," वेन्डेल म्हणाला. "मी काढून टाकल्या. त्यानं अंदाज बिघडतो."

आर्डिसला हसू आलं. पोटावर टाके होते, हसणं तिथं पोहोचलं आणि तिचा चेहरा वेडावाकडा झाला; तरी ते थांबेना. वेन्डेल "नको, हसू नकोस, टाके आहेत" म्हणत राहिला आणि स्वतःच रडायला लागला. शेवटी तिला श्वास मिळाला.

"मग माझं काय करणार?" ती म्हणाली. "मला कुठं ठेवणार?"

"ठेवीन," वेन्डेल म्हणाला. "तुला ठेवीन."

"आणि त्या बाकीच्यांना? एकटीला कंटाळा येईल मला."

"त्यांनाही."

"बरं," आर्डिस म्हणाली, आणि झोपली.

सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी शाळा उघडल्या. त्या सकाळी घरासमोरून जाताना तिच्या जागेवर आलेल्या नव्या ड्रायव्हरनं बस थांबवली आणि दार उघडलं. पोरं काचेला नाक लावून बघत होती. आर्डिस खिडकीशी उशांवर टेकून बसली होती. तिनं हात वर केला. बस पूर्ण चार मिनिटं उभी राहिली, आणि वेन्डेलनं घड्याळ पाहिलं नाही. शुक्रवारी ती गेली.

वेन्डेल दोन आठवड्यांनी कामावर आला. पहिल्याच दिवशी त्यानं एक तृतीयांशाचा नियम काढून टाकला आणि सगळ्या ओळी परत घातल्या. एकतीस आणि एक. मॉडेलनं त्या गिळल्या, तीन सेकंद विचार केला, आणि त्या दिवसापासून स्वादुपिंडाच्या प्रत्येक पेशंटला पाच तास वीस मिनिटं सांगायला सुरुवात केली.

पाच तास वीस मिनिटं कुणालाच लागत नसत. ज्यांची गाठ निघे त्यांना साडेसहा लागत, ज्यांची निघत नसे त्यांना दोन. ऑक्टोबरात चार ऑपरेशनं संध्याकाळच्या पाळीत घुसली, दोन पेशंटांना उपाशी ठेवून घरी पाठवावं लागलं, आणि महिनाअखेर चूक सव्वीस मिनिटांवर गेली. बर्नीची तेवीसच होती. तिनं त्याला त्यावरून एका शब्दानंही चिडवलं नाही, आणि चिडवलं असतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

समितीपुढं वेन्डेल म्हणाला, "एक आकडा पुरत नाही. दोन लिहूया. पाचांतल्या चारांना एवढा वेळ, एकाला एवढा. खरं तेच आहे."

"फलकावर?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं. "लोकांच्या समोर?"

"हो."

"आणि वेटिंग रूममध्ये बसलेल्या माणसानं ते वाचून काय करायचं, वेन्डेल?"

त्यानं उत्तर शोधलं. नऊ सतरा ते नऊ वीस या वेळात आपण काय करत होतो, ते त्यानं आठवून पाहिलं. अध्यक्षीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी त्याला भरपूर वेळ दिला. जवळजवळ एक मिनिट.

"माहीत नाही," तो म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्या दुःखाबद्दल सहानुभूती व्यक्त केली, इतिवृत्तात तसं लिहिलं, आणि पुढचा विषय घेतला. तो पार्किंगचा होता.

वेन्डेल ऑफिसात आला. खाली धक्क्यावर जहाज अर्धवट भरून बाहेर पडत होतं. वादळाचा इशारा होता. त्यानं बत्तीस ओळी पडद्यावर काढल्या. शेवटच्या ओळीत वय एकसष्ट, वजन बासष्ट, सर्जन ओयेन, वार मंगळवार, वेळ एक तास छप्पन्न मिनिटं असं होतं. ती त्यानं दोनदा वाचली. मग पुन्हा एकदा वाचली. मग कारणाच्या रकान्यात 'अपुरी नोंद' असं लिहून सगळ्या काढून टाकल्या.

नोव्हेंबरात चूक एकोणीस मिनिटं आली.